ज्ञानेश्वरीतील अर्जुनाचा भयानुभव आणि पोहरादेवीची लोकपरंपरा : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

एखाद्या व्यक्तीच्या छातीत अचानक धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, हातपाय कापू लागतात, श्वास पुरेनासा होतो आणि आपला जीव जाणार किंवा आपल्याला वेड लागणार अशी तिची खात्री होते. ही अवस्था काही मिनिटांतच शिगेला पोहोचते आणि यथावकाश ओसरते. मानसोपचारशास्त्र या अनुभवाला पॅनिक अटॅक म्हणते. मराठीत त्यास भयाचा झटका असे म्हणता येईल. संज्ञा नवी असली तरी अनुभव नवा नाही, याची साक्ष मराठी भाषाच देते. धडकी भरणे, तोंडचे पाणी पळणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, पाचावर धारण बसणे हे वाक्प्रचार पाहिले असता, मराठी भाषकाने भयाची जागा प्रथम शरीरातच ओळखली आहे, हे लक्षात येते.

मराठी समीक्षेने मात्र या शारीर भयाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे पूर्णत्वास गेलेल्या या ग्रंथाची चर्चा प्रामुख्याने तत्त्वज्ञान, भक्ती, शांतरस आणि उपमावैभव या अंगांनी झाली आहे. पहिला अध्याय बहुधा पुढील उपदेशाची पार्श्वभूमी म्हणून वाचला जातो. वस्तुतः या अध्यायात एका पराक्रमी पुरुषाचे शरीर सर्वांसमक्ष कोसळते, आणि पुढील सतरा अध्याय त्या कोसळण्याला दिलेले उत्तर आहेत.

प्रस्तुत लेखात अर्जुनाच्या भयानुभवाचे ज्ञानेश्वरीतील चित्रण तपासले आहे. तसेच वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे ज्या बंजारा समाजाचे श्रद्धाकेंद्र आहे, त्याच्या लोकपरंपरेतील काही रूपांशी त्याची तुलना केली आहे. अनावर झालेल्या माणसाला सावरताना त्याच्या शरीराची अवस्था आधी मान्य करावी लागते आणि अर्थाचा विचार त्यानंतर करता येतो, ही या लेखाची मुख्य भूमिका आहे.

आधुनिक वैद्यकाची पार्श्वभूमी

भयाच्या झटक्याचा आधुनिक वैद्यकीय इतिहासही रणभूमीपासून सुरू होतो, हा योगायोग लक्षणीय आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांवर उपचार करणाऱ्या जेकब दा कोस्टा या वैद्याने १८७१ मध्ये अशा सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले, की ज्यांना छातीत धडधड, वेदना, धाप आणि थकवा यांचा त्रास होत होता, परंतु ज्यांच्या हृदयात त्याला पुरेसा दोष आढळत नव्हता. पुढे १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंताविकृतीची स्वतंत्र मांडणी करताना अशा झटक्यांची नोंद घेतली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात पॅनिक विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये. याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत झटक्याची तेरा लक्षणे दिलेली असून त्यांपैकी किमान चार आढळणे आवश्यक मानले आहे.

डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे विशेष उपयुक्त ठरतो. त्यानुसार शरीरात जाणवणाऱ्या संवेदनांचा माणूस अनर्थकारक अर्थ लावतो. छातीतील धडधड म्हणजे मृत्यू आणि घेरी म्हणजे वेड, असे त्याला वाटते. या अर्थामुळे भय वाढते, भयामुळे संवेदना वाढतात आणि असे चक्र सुरू होते. यातून सुटण्यासाठी रुग्ण ज्या जागी झटका आला ती जागा सोडतो व पुढे ती टाळू लागतो. पलायनाने तात्काळ हायसे वाटते, परंतु भय मात्र पक्के होते. आजच्या उपचारपद्धतीत औषधांबरोबरच हा चुकीचा अर्थ दुरुस्त करण्यावर आणि टाळलेल्या परिस्थितीला क्रमाक्रमाने सामोरे जाण्यावर भर दिला जातो.

गीतेतील लक्षणांचा क्रम

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील २८ ते ३० या श्लोकांत अर्जुन स्वतःच्या अवस्थेचे वर्णन करतो. गात्रे शिथिल होणे, तोंड कोरडे पडणे, कंप सुटणे, अंगावर काटा येणे, हातातून गांडीव गळणे, त्वचेचा दाह होणे, उभे राहता न येणे आणि मन भ्रमणे ही लक्षणे तेथे येतात. त्यानंतर त्याला विपरीत चिन्हे दिसू लागतात. कुलक्षय, वर्णसंकर, पितरांचे पतन यांविषयीचा त्याचा प्रसिद्ध युक्तिवाद या सर्वांच्या नंतर येतो.

हा क्रम महत्त्वाचा आहे. अर्जुनाने आधी विचार केला, त्यातून त्याला युद्ध अधर्म्य वाटले आणि म्हणून त्याचे शरीर गळाले, असे संहितेत घडत नाही. आप्तांना पाहताच करुणेने त्याला घेरले, शरीर ढासळले आणि मग त्या ढासळण्याला अर्थ देणारे तर्क रचले गेले. हे तर्क पोकळ आहेत असे नव्हे. स्वजनांच्या वधाचा प्रश्न खराच आहे. परंतु अर्जुनाचा विषाद केवळ नैतिक पेच म्हणून वाचला, तर त्या पेचाच्या आधी आलेले तीन श्लोक निरुपयोगी ठरतात. उलट तो केवळ भ्याडपणा म्हणून वाचला, तर नंतरचा युक्तिवाद निरुपयोगी ठरतो. संहितेला दोन्ही अभिप्रेत आहेत, आणि त्यांचा क्रमही अभिप्रेत आहे.

ज्ञानेश्वरांनी घातलेली भर

ज्ञानेश्वर या तीन श्लोकांवर भाष्य करताना लक्षणांची यादी केवळ मराठीत आणत नाहीत. त्यांनी घातलेली भर चार ठिकाणी विशेष जाणवते.

पहिली भर मनाच्या हालचालीची आहे. आप्तांना पाहून अर्जुनाच्या मनात 'गजबज' झाली, असे ते सांगतात. आजही बाजारातील वा यात्रेतील गर्दीसाठी वापरला जाणारा हा शब्द मनाच्या अवस्थेसाठी योजिला आहे. मनात अनेक गोष्टी एकाच वेळी दाटून येणे, त्यांपैकी कोणतीही वेगळी न ओळखता येणे, हा अनुभव या एका शब्दात येतो. या गजबजीत कृपा आपोआप आत शिरते आणि तिच्या येण्याने अपमानित झालेली वीरवृत्ती घर सोडून जाते. कुलवती स्त्रीला सवत सहन होत नाही, या दृष्टान्ताने हे स्पष्ट केले आहे. वीरवृत्ती येथे नष्ट होत नाही, रुसून निघून जाते. गेलेली गोष्ट परत येऊ शकते, ही सूचना रूपकातच आहे.

दुसरी भर भान सुटण्याची आहे. गीतेत गांडीव हातातून गळत असल्याचे अर्जुन स्वतः सांगतो, म्हणजे त्याला ते कळते. ज्ञानेश्वरीत धनुष्य हातातून निसटून पडते आणि ते पडल्याचेही त्याला कळत नाही. शिवाय वाचा बरळू लागल्याचा उल्लेख ज्ञानेश्वर करतात. तीव्र भयात स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखे वाटणे हे आधुनिक वर्णनातही एक लक्षण मानले जाते.

तिसरी भर सर्वांत मोलाची आहे. गीतेत अर्जुन धनुष्य टाकून रथातच बसतो. ज्ञानेश्वरांचा अर्जुन रथातून खाली उडी घेतो. एवढ्या एका क्रियेने प्रसंगाचे स्वरूप पालटते. बसून राहणे ही हतबलता आहे, उडी घेणे ही सुटकेची धडपड आहे. जिथे भय वाटले ती जागा क्षणभरही सहन न होणे, हा भयाच्या झटक्याचा गाभा ज्ञानेश्वरांनी अचूक पकडला आहे. उडीनंतर पदच्युत राजपुत्र, राहुग्रस्त सूर्य आणि महासिद्धीच्या मोहात सापडलेला तापस असे तीन दृष्टान्त येतात. तिघेही मुळात समर्थ आहेत.

चौथी भर याच सामर्थ्याशी संबंधित आहे. ज्याने युद्धात शंकरालाही जिंकले, निवातकवचांचा ठाव पुसला, त्या अर्जुनाला मोहाने एका क्षणात कवळले, असे आश्चर्य ज्ञानेश्वर व्यक्त करतात. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो आणि प्राण गेला तरी पाकळी चिरीत नाही, हा सुप्रसिद्ध दृष्टान्त याच संदर्भात येतो. भयाने व्यापले जाणे हे दुर्बळाचे लक्षण आहे, हा समज या दृष्टान्ताने खोडून निघतो. भुंग्याची ताकद कमी झालेली नाही. ती ज्या ठिकाणी चालत नाही, अशा ठिकाणी तो सापडला आहे.

धिक्काराचे अपयश आणि निदानाची सुरुवात

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला फटकारतो. ज्ञानेश्वरीत या फटकारण्यात प्रश्नही मिसळलेले आहेत. तुला झाले तरी काय, उणे काय पडले, खेद कशाचा, असे तो विचारतो. पाठोपाठ तो पराक्रमाची आठवण करून देतो. शंकराला जिंकल्याचा आणि निवातकवचांचा जो उल्लेख पहिल्या अध्यायात निवेदनाच्या ओघात आला होता, तोच येथे श्रीकृष्णाच्या तोंडी जवळजवळ त्याच शब्दांत येतो. निवेदनात जे आश्चर्य होते, ते येथे समजावणीचे साधन झाले आहे.

हे साधन अपयशी ठरते. अर्जुन उठत नाही. तो आपली व्यथा पुन्हा मांडतो, इंद्रियांना सुकवून टाकणारा हा शोक कशाने दूर होईल ते दिसत नाही असे सांगतो, शिष्यत्व पत्करतो आणि लढणार नाही असे म्हणून गप्प होतो. 'तू एवढा कर्तबगार, तुला घाबरायला काय झाले' हे वाक्य घराघरांत आणि महाविद्यालयांच्या परीक्षागृहांबाहेर आजही ऐकू येते. प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या मुखातूनही ते उपयोगी पडले नाही, याची नोंद परंपरेनेच करून ठेवली आहे.

यानंतर ज्ञानेश्वर जे करतात ते समीक्षेच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. अर्जुनाला मोहरूपी काळसर्प डसला आहे आणि श्रीहरी हा गारुडी धावून आला आहे, असे रूपक ते योजतात. पुढे श्रीकृष्ण मनाशी विचार करू लागतो. पंचाक्षरी जसा ग्रहबाधेचा अदमास घेतो, किंवा असाध्य व्याधी पाहून वैद्य जसे अमृतासारखे दिव्य औषध योजतो, तसा तो दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचार करतो. पहिल्या अध्यायातही मंत्र चुकलेल्या मांत्रिकाला होणाऱ्या संचाराची उपमा अर्जुनाला दिलेली आहे. सर्पदंश, संचार आणि व्याधी ही तेराव्या शतकातील माणसाला ठाऊक असलेली तीनही कारणे, आणि गारुडी, पंचाक्षरी व वैद्य हे तिन्ही उपचारक येथे शेजारी-शेजारी येतात. ज्ञानेश्वर त्यांपैकी एकाचीच निवड करीत नाहीत. तिघांत समान असलेली गोष्ट ते उचलतात. ती म्हणजे उपचारापूर्वी थांबून अवस्था ओळखणे. नंतरचे बोलणे वरवर कठोर असले, तरी आईच्या रागात जशी माया किंवा औषधाच्या कडूपणात जसे अमृत, तसा त्यात स्नेह दडलेला आहे, असेही ते स्पष्ट करतात. बोलण्यामागे आता अवस्थेची ओळख आहे.

अकराव्या अध्यायातील पुनरावृत्ती

अर्जुनाचे भय दुसऱ्या अध्यायात संपत नाही. दहा अध्यायांचे श्रवण झाल्यावर, स्वतःच मागितलेले विश्वरूप पाहताना, तो पुन्हा कापू लागतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात त्याचा कंप, सद्गदित वाणी आणि पुनःपुन्हा वाटणारे भय यांचा स्पष्ट निर्देश आहे. ज्ञानाच्या मार्गावर इतके पुढे आलेल्या माणसाला पुन्हा भय वाटावे, हा संहितेतील प्रामाणिकपणा आहे.

तथापि या दुसऱ्या प्रसंगात फरक आहे. पहिल्या वेळी अर्जुन रथ सोडतो, या वेळी तो जागा सोडत नाही. पहिल्या वेळी तो आपल्या अवस्थेला धर्मशास्त्राची कारणे देतो, या वेळी हर्ष आणि भय दोन्ही एकत्र वाटत असल्याचे सरळ सांगतो आणि ओळखीचे रूप पुन्हा दाखवण्याची विनंती करतो. श्रीकृष्णाच्या प्रतिसादातही फरक आहे. ज्ञानेश्वरीत तो प्रेमाने रागावतो. अमृताचा समुद्र समोर आला असता बुडू या भीतीने कोणी तो टाळतो काय, असे विचारतो. संवेदनेचा चुकीचा अर्थ लावण्याचे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण आहे. असे असूनही तो अर्जुनावर सक्ती करीत नाही. विश्वरूप आवरून सौम्य रूप धारण करतो, आणि मग अर्जुन आपण पूर्ववत झाल्याचे सांगतो. भयाशी जुळवून घेणे म्हणजे भय पुन्हा कधीच न येणे, असा अर्थ येथे नाही. ते आले असता पळून न जाता सांगता येणे, एवढाच टप्पा अर्जुनाने गाठला आहे, आणि तो मोठा आहे.

अठराव्या अध्यायातील आलिंगन

गीतेच्या अखेरीस मोह नाहीसा झाला, स्मृती परत मिळाली, असे अर्जुन सांगतो आणि आपण स्थिर असल्याचे म्हणतो. पहिल्या अध्यायात उभे राहता येत नाही ही त्याची तक्रार होती. दोन्ही ठिकाणी मूळ धातू 'स्था' हाच आहे. संवादाचे वर्तुळ शरीराच्या उभे राहण्यापाशीच पूर्ण होते.

ज्ञानेश्वर याही ठिकाणी स्वतःची भर घालतात. उपदेश संपत असता श्रीकृष्ण बाहू पसरून अर्जुनाला आलिंगन देतो आणि दोन हृदये एक होतात, हा प्रसंग मूळ गीतेत नाही. सातशे श्लोकांत सांगूनही शब्दांना जे पोहोचवता आले नाही ते येथे स्पर्श पोहोचवतो. या आलिंगनाचा अद्वैतपर अर्थ भाष्यकारांनी सांगितला आहेच. परंतु पहिल्या अध्यायातील उडीच्या संदर्भात त्याचा आणखी एक अर्थ लागतो. शरीराने जे सोडले होते, ते शरीराकडूनच परत मिळवले जाते. उडी आणि आलिंगन ही ज्ञानेश्वरांची दोन्ही भर एकमेकींना उत्तर देतात.

पोहरादेवी आणि बंजारा लोकपरंपरा

आलिंगनातून सावरण्याचे हे रूप ग्रंथापुरते मर्यादित आहे काय, हे पाहण्यासाठी लोकपरंपरेकडे वळणे आवश्यक आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत महत्त्वाचे तीर्थक्षेत्र असून त्याचा उल्लेख बंजारा समाजाची काशी असा केला जातो. येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशातील तांडेही येथे येतात. या समाजाचा वारसा मांडणाऱ्या बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

बंजारा मौखिक परंपरेतील 'ढावलो' हा प्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विचारार्ह आहे. विवाहप्रसंगी नववधू माहेरच्या माणसांच्या गळ्यात पडून रडत-रडत जी गीते गाते, त्यांना ढावलो म्हणतात. तांडा सोडताना बैलावर उभी राहून वधू जो निरोप घेते, त्यास 'हवेली' असे नाव आहे. ही गीते वधूला आयत्या वेळी सुचत नाहीत. वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ती आधी शिकून घेतलेली असतात. अनोळखी घर, अनोळखी माणसे आणि परतीची अनिश्चितता यांचे भय येणार, हे परंपरेने गृहीत धरले आहे, आणि त्या भयासाठी चाल, शब्द व गळामिठी यांची तयारी करून ठेवली आहे. येथे कोणी वधूला 'रडू नकोस' असे सांगत नाही. ती रडावी, परंतु एकटीने व शब्दांवाचून रडू नये, अशी ही योजना आहे.

सामूहिक प्रार्थनेचे 'अरदास' हे रूपही असेच आहे. त्यात मागणीचा आरंभ एकट्या भक्ताच्या दुःखापासून होत नाही, सर्व जीवांचे कल्याण प्रथम मागितले जाते. कवी वीरा राठोड यांच्या ज्या मराठी काव्यसंग्रहास २०१५ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, त्या 'सेन सायी वेस' या संग्रहाचे शीर्षकही याच सर्वकल्याणाच्या मागणीशी नाते सांगते. भयग्रस्त माणसाचे लक्ष स्वतःच्या छातीतील ठोक्यांवर खिळलेले असते. इतरांसमवेत, ठरलेल्या शब्दांत, इतरांसाठी मागणे हे त्या लक्षाला बाहेर वळवणारे आहे.

ज्ञानेश्वरी आणि ही लोकरूपे यांत भेदही आहे. अर्जुनाजवळ एक श्रोता आहे आणि त्याला प्रश्न विचारण्याची पूर्ण मुभा आहे. नववधूभोवती अनेक जणी आहेत, परंतु तिला निर्णय बदलण्याची मुभा नाही. ढावलो भयाला वाट देतो, भयाचे कारण दूर करीत नाही. म्हणून लोकपरंपरेचा गौरव करताना तिच्यातील स्त्रीच्या स्थितीकडे डोळेझाक करणे योग्य ठरणार नाही.

अभ्यासाच्या मर्यादा

अर्जुनाला पॅनिक विकार होता, असे या लेखात सुचवलेले नाही. वैद्यकीय निदान व्यक्तीचे होते, काव्यातील पात्राचे नव्हे. अर्जुनाच्या भयाला समोर उभे असलेले वास्तव कारण आहे, तर अनेक रुग्णांना झटका कोणत्याही दृश्य कारणाविना येतो. त्याचप्रमाणे ग्रंथवाचन, यात्रा किंवा गीतगायन हे उपचारांना पर्याय ठरत नाहीत. छातीतील वेदना वा धाप प्रथमच जाणवल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यकच असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध झाली आहे. साहित्याचे कार्य वेगळे आहे. अनुभवाला शब्द देणे आणि तो अनुभव लाजिरवाणा नाही हे दाखवणे, हे ते कार्य होय.

निष्कर्ष

१. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भयाचे शारीर रूप मूळ गीतेपेक्षा अधिक सूक्ष्मपणे आले आहे. मनाची गजबज, नकळत पडलेले धनुष्य आणि रथातून घेतलेली उडी ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

२. पराक्रमाची आठवण देऊन केलेला धिक्कार अपयशी ठरतो. अवस्था ओळखून केलेला संवाद यशस्वी होतो. ज्ञानेश्वरांनी या ओळखण्यासाठी वैद्याच्या निदानाचा दृष्टान्त योजला आहे.

३. अकराव्या अध्यायातील भयाची पुनरावृत्ती ही माघार ठरत नाही. जागा न सोडता भय बोलून दाखवणे, ही त्यातील प्रगती आहे.

४. ज्ञानेश्वरीतील आलिंगन आणि बंजारा परंपरेतील ढावलो यांत, शब्द व स्पर्श यांच्या साहाय्याने अनावर माणसाला सावरण्याचे समान सूत्र आढळते. मात्र निवडीच्या स्वातंत्र्याबाबत दोहोंत मोठे अंतर आहे.

५. अध्यापनात पहिला अध्याय प्रस्तावना म्हणून ओलांडून जाणे उचित नाही. वर्गातील एखादा विद्यार्थी तोंडी परीक्षेच्या दारात थरथरत उभा असेल, तर त्याला 'यात घाबरण्यासारखे काय आहे' असे म्हणणाऱ्या अध्यापकाने दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पुन्हा वाचावा. तेथे हे वाक्य बोलून झालेले आहे, आणि त्यानंतर गुरूला थांबून नव्याने विचार करावा लागला आहे.